गर्भाशयमुखाची तपासणी: पॉझिटिव्ह आलेल्या बाईचे नाव कोणाच्या वहीत?

मा. संपादक महोदय,
स. न.

गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी पॅपने (पेशी काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहून) करावी, ॲसेटिक ॲसिड लावून नुसत्या डोळ्यांनी करावी की हा कर्करोग घडवणाऱ्या एचपीव्ही या विषाणूच्या चाचणीने, यावर अजून चर्चासत्रे होतात. या प्रश्नाचे उत्तर गोव्याशेजारच्या महाराष्ट्रात केव्हाच मिळालेले आहे. तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात १९९९ पासून टाटा स्मारक रुग्णालय, बार्शीचे नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालय आणि फ्रान्समधील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांचा अभ्यास केला. गावांचे चार गट पाडले. एका गटात एकदाच एचपीव्ही चाचणी, दुसऱ्यात पॅप, तिसऱ्यात ॲसेटिक ॲसिडने पाहणी आणि चौथ्यात नेहमीचीच आरोग्यसेवा. आठ वर्षांच्या पाठपुराव्यात चौथ्या गटात या कर्करोगाने ६४ जणी गेल्या, एचपीव्ही चाचणीच्या गटात ३४. पॅप आणि ॲसेटिक ॲसिडच्या गटांत मृत्यूंमध्ये म्हणण्यासारखी घट दिसली नाही. हे निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाले. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२१ च्या मार्गदर्शिकेत पहिली चाचणी म्हणून एचपीव्ही डीएनए चाचणीच सुचवली आहे.

तेव्हा चाचणी कोणती, हा वाद आम्ही इथे उकरत नाही. धाराशिवच्या अभ्यासातली एक गोष्ट मात्र सहसा सांगितली जात नाही. पॉझिटिव्ह आलेल्या बायकांना गावातून आणून त्यांची कॉल्पोस्कोपी (गर्भाशयमुखाची भिंगातून पाहणी), लागेल तिथे बायॉप्सी आणि उपचार, ही सगळी साखळी तिथे बांधलेली होती. नुसते नमुने गोळा करून ६४ चे ३४ झाले नसते. गोव्यात तपासणीची शिबिरे होतात, किती जणींनी लाभ घेतला तो आकडाही छापून येतो. त्यातल्या पॉझिटिव्ह किती, त्यातल्या किती जणींना निकाल कळला आणि किती जणींवर उपचार झाले, हे आकडे छापून येत नाहीत. पुष्कळदा ते कोणी मोजलेलेही नसतात. या पत्राचे कारण तेच.

आधी विषाणूविषयी थोडे. एचपीव्हीचे दोनशेहून अधिक प्रकार आहेत. कर्करोगाशी संबंध आहे तो त्यातल्या सुमारे चौदा प्रकारांचा आणि त्यातही १६ व १८ हे दोन प्रकार जगातल्या सुमारे ७० टक्के गर्भाशयमुखाच्या कर्करोगांच्या मुळाशी असतात. शरीरसंबंध असलेल्या बहुतेक स्त्री-पुरुषांना हा संसर्ग आयुष्यात कधी ना कधी होतो. दहातल्या नऊ जणींत तो साधारण दोन वर्षांत आपोआप जातो. उरलेल्या एखादीत तो ठाण मांडून बसतो, गर्भाशयमुखाच्या पेशी बदलू लागतात, आणि त्यातून कर्करोग व्हायला साधारण १५ ते २० वर्षे लागतात. एचआयव्ही असलेल्या आणि उपचार न घेणाऱ्या स्त्रीमध्ये ही मुदत ५ ते १० वर्षांवर येते. पॅप बदललेल्या पेशी शोधते. एचपीव्ही चाचणी त्या बदलाचे कारण शोधते. म्हणून एचपीव्हीचा निकाल निगेटिव्ह आला की पुढची निदान पाच वर्षे पुन्हा चाचणीची गरज नसते. जागतिक आरोग्य संघटना तिशीपासून दर पाच ते दहा वर्षांनी चाचणी सुचवते. एचआयव्ही असलेल्यांसाठी पंचविशीपासून, दर तीन ते पाच वर्षांनी.

पॅप वाईट आहे असे नाही, पण ती वाचणाऱ्याच्या डोळ्यांवर चालते. काचपट्टीवर पेशी पसरल्याबरोबर, वाळण्याआधी, ती ९५ टक्के अल्कोहोलमध्ये बुडवावी लागते. शिबिरात पंख्याखाली पट्टी अर्धा मिनिट पडून राहिली की पेशी फुगतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली काहीच सांगता येत नाही. वाचणारे तज्ज्ञ थोडे, अहवालाला आठवडे लागतात. नीट केलेली एकच पॅपसुद्धा बरेच रुग्ण हुकवते, म्हणून ती तीन-तीन वर्षांनी करावी लागते.

ॲसेटिक ॲसिडच्या पाहणीत वेगळ्या अडचणी आहेत. द्रावण ५ टक्क्यांचे लागते: ९५ मिली डिस्टिल्ड पाण्यात ५ मिली ग्लेशियल (शुद्ध) ॲसेटिक ॲसिड, रोज ताजे, संध्याकाळी उरलेले ओतून द्यायचे. मिसळायला विसरून मूळ ॲसिड लावले गेले तर भाजते, त्यामुळे मूळ बाटली तपासणीच्या टेबलावर असताच कामा नये. द्रावण लावल्यावर पूर्ण एक मिनिट थांबून मग पाहायचे. बाहेर ऐंशी जणींची रांग असली की त्या मिनिटाची वीस सेकंदे होतात आणि बदललेल्या पेशींचा पांढरा डाग उमटायच्या आधीच ‘निगेटिव्ह’ लिहून होते. पाळी गेल्यानंतर पेशी बदलतात तो भाग आत गर्भाशयमुखाच्या नळीत सरकलेला असतो. तो दिसतच नाही, त्यामुळे साधारण पन्नाशीनंतर ही पाहणी भरवशाची राहत नाही. मुंबईच्या वस्त्यांमध्ये मात्र याच पद्धतीने मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. तिथे प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दोन-दोन वर्षांच्या अंतराने चार फेऱ्या केल्या आणि त्यांच्या कामाची सतत फेरतपासणी होत राहिली. वर्षातून एकदा भरणाऱ्या शिबिराला तो दाखला लागू होत नाही.

केंद्राच्या २०१६ च्या मार्गदर्शक आराखड्यात ३० ते ६५ वयाच्या स्त्रियांची दर पाच वर्षांनी ॲसेटिक ॲसिडने तपासणी सांगितली आहे. प्रत्यक्षात राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या ३० ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी १.९ टक्के जणींचीच आयुष्यात कधीतरी अशी तपासणी झाली होती. शंभरातल्या दोघीसुद्धा नाहीत. देशात २०२२ साली या कर्करोगाचे सुमारे १ लाख २७ हजार नवे रुग्ण आणि जवळपास ८० हजार मृत्यू असा आंतरराष्ट्रीय अंदाज आहे.

आता गोव्याचा हिशेब मांडू. २०११ च्या जनगणनेत राज्यात ७ लाख १९ हजार स्त्रिया होत्या. चाचणीच्या वयाच्या ३ लाख धरल्या आणि प्रत्येकीची पाच वर्षांत एकदा चाचणी करायची म्हटली, तर वर्षाला ६० हजार चाचण्या होतात. कामाचे ३०० दिवस धरले तर दिवसाला २००. हा आकडा भीतीदायक नाही. एका साध्या पीसीआर (डीएनए वाढवून विषाणू शोधणाऱ्या) यंत्राच्या ९६ खणांच्या प्लेटमध्ये नियंत्रण-नमुने वगळून नव्वदेक नमुने बसतात, म्हणजे रोजच्या दोन प्लेट आणि तिसरीत थोडे.

पण प्लेट पद्धतीला एक खोड आहे. प्लेट भरल्याशिवाय ती लावणे परवडत नाही, म्हणून प्रयोगशाळा नमुने साठवते, आणि दूरच्या खोतीगावच्या किंवा नेत्रावळीच्या बाईचा निकाल पणजी-म्हापशाचे नमुने येईपर्यंत अडतो. याला उत्तर आपल्याच घरात आहे. क्षयरोगाच्या चाचणीसाठी देशभर वापरली जाणारी ट्रूनॅट यंत्रे वेर्ण्याची मोलबायो कंपनी बनवते आणि याच यंत्रावर चालणारी एचपीव्हीची चिपही तिने आणली आहे. यंत्र बॅटरीवर चालते, वातानुकूलित खोली लागत नाही, तासाभरात निकाल येतो. त्याची मर्यादाही सांगायला हवी. नमुन्यातून डीएनए वेगळा करणारे उपकरण एका वेळी एकच नमुना घेते आणि त्याला सुमारे वीस मिनिटे लागतात. म्हणजे तासाला तीन, सहा तासांत अठरा, तेही क्षयरोगाचे काम बाजूला ठेवून. सगळे राज्य या यंत्रांवर टाकले तर क्षयाचे रुग्ण ताटकळतील. आमच्या मते सत्तरी, धारबांदोडा, सांगे, काणकोण या तालुक्यांत ट्रूनॅट ठेवून त्याच दिवशी निकाल द्यावा, आणि तिसवाडी, बार्देश, सासष्टी, मुरगाव, फोंडा या दाट वस्तीच्या तालुक्यांचे नमुने एका मध्यवर्ती प्रयोगशाळेत प्लेटवर लावावेत. प्लेट भरो न भरो, आठवड्यातून दोन ठरलेल्या दिवशी ती लागलीच पाहिजे, असे लेखी बंधन हवे.

काही देशी संच चौदाऐवजी सात-आठच प्रकार शोधतात, म्हणून ते कमअस्सल, अशी कुजबूज ऐकू येते. १६, १८, ३१, ३३, ३५, ४५, ५२ आणि ५८ हे आठ प्रकार मिळून सुमारे ९० टक्के गर्भाशयमुखाच्या कर्करोगांना कारण असतात. उरलेल्या प्रकारांमुळे पॉझिटिव्ह निकाल वाढतात, कर्करोग फारसे सापडत नाहीत. कॉल्पोस्कोपीच्या टेबलांची ज्या राज्यात टंचाई आहे तिथे आठ प्रकारांचा संच आम्हाला उलट शहाणपणाचा वाटतो.

नमुना घेण्याबद्दल सविस्तर लिहितो, कारण निम्म्या चुका तिथेच होतात. पाळी चालू असताना नमुना नको. दोन दिवस आधीपासून योनीमार्गात गोळी किंवा मलम नको, संबंधही टाळावा. परिचारिकेने स्पेक्युलम (योनीमार्ग उघडून धरणारे उपकरण) लावताना त्यावर जेली चोपडू नये, कोमट पाणी पुरते. जेली नमुन्यात गेली तर पीसीआर अडते. ब्रशचे मधले लांब केस गर्भाशयमुखाच्या छिद्रात टेकवून ब्रश एकाच दिशेने पाच वेळा पूर्ण फिरवायचा, मग नळीतल्या द्रावात तो दहा वेळा खळखळून झाकण घट्ट लावायचे. त्याच भेटीत ॲसेटिक ॲसिड लावायचे असेल तर आधी नमुना, मग ॲसिड.

खरी सोय मात्र स्वतः घेतलेल्या नमुन्यात आहे. पीसीआर पद्धतीच्या चाचण्यांत बाईने स्वतः घेतलेला नमुना डॉक्टरांनी घेतलेल्या नमुन्याइतकाच भरवशाचा ठरलेला आहे. जुन्या, डीएनए न वाढवता थेट संकेत मोजणाऱ्या चाचण्यांत तो थोडा कमी पडतो, तेव्हा खरेदीच्या निविदेतच ‘स्वनमुन्यासाठी प्रमाणित’ ही अट घालावी. ऑस्ट्रेलियाने २०१७ च्या डिसेंबरमध्ये पॅप सोडून पाच वर्षांनी एकदा एचपीव्ही चाचणी सुरू केली आणि जुलै २०२२ पासून तिथल्या प्रत्येक पात्र स्त्रीला नमुना स्वतः घेण्याची मुभा आहे. आपल्याकडे टेबलावर पाय वर घेऊन झोपायच्या संकोचानेच कित्येक जणी परत फिरतात. त्यांना हा मार्ग दाखवायलाच हवा.

तो असा. हात धुवायचे. उभे राहून एक पाय स्टुलावर ठेवावा, किंवा उकिडवे बसावे. स्वॅब फक्त दांडीला धरायचा, कापसाच्या टोकाला बोट लागू द्यायचे नाही. टोक हळूच योनीमार्गात सुमारे दोन इंच आत, कमरेच्या दिशेने किंचित मागे झुकवून सरकवायचे. दुखू लागले तर थांबून दिशा बदलायची. तिथे वीस-तीस सेकंद सावकाश गोल फिरवायचे, काढायचे, थेट नळीत घालून झाकण लावायचे. गर्भाशयमुखापर्यंत पोचलेच पाहिजे असे नाही, कारण विषाणू असलेल्या पेशी खाली उतरलेल्या असतात. जमिनीवर पडलेला स्वॅब वापरू नये, दुसरा मागून घ्यावा. यासाठी आरोग्य केंद्रात दहा टक्के जादा स्वॅब ठेवावे लागतात. काही नळ्यांतल्या द्रावात मिथेनॉल असते. ते पेट घेते आणि पोटात गेल्यास विषारी असते. घरी द्यायचे असतील तर कोरड्या स्वॅबचेच संच द्यावेत, मुलांच्या हाती लागतील अशा द्रावाचे नकोत. आणि मे महिन्यात बंद गाडीत, डॅशबोर्डवर नमुने ठेवू नयेत. संचाच्या कागदावर जे तापमान आणि जितके दिवस लिहिलेले असतात ते शोभेसाठी नसतात.

यात बिघडते ते बहुधा साध्या गोष्टींमुळे. पहिली, नळीवरचे नाव. एकाच पंचायतीत एकाच नावा-आडनावाच्या दोन-तीन बायका गोव्यात सहज निघतात. नाईक, गावडे, फर्नांडिस ही आडनावे नुसती लिहून चालत नाही. नाव, वय, वाडा, घर क्रमांक आणि नोंदवहीतला अनुक्रमांक, हे सगळे नमुना घेण्याआधी नळीवर हवे. नंतर रांगेत लिहिले की अदलाबदल होते. दुसरी, ‘इनव्हॅलिड’ हा निकाल. प्रत्येक चांगल्या चाचणीत मानवी पेशींचे एक जनुकही तपासले जाते. ते सापडले नाही तर नमुन्यात पेशीच नव्हत्या किंवा रक्त, जेली यांमुळे चाचणी अडली, असा त्याचा अर्थ. अशा निकालाची गणना निगेटिव्हमध्ये झाल्याचे अहवाल पाहायला मिळतात. ती गंभीर चूक आहे. त्या बाईचा नमुना पुन्हा घ्यायलाच हवा. तिसरी, शिबिराची एकच तारीख. कोणत्याही दिवशी पाळी येणाऱ्या सहा-सात जणींत एक पाळीतच असते. तिला ‘पुढच्या वर्षी या’ सांगण्याऐवजी दहा दिवसांनी येण्याची चिठ्ठी द्यावी. आणि गणेश चवथीच्या आधीचा आठवडा, गावची जत्रा, चर्चचे फेस्त, सत्तरी-सांग्यात काजूचा हंगाम, या दिवसांत शिबिर लावू नये हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही, तरी लावली जातात.

आता मुख्य मुद्दा, पॉझिटिव्ह निकालाचा. धाराशिवच्या अभ्यासात सुमारे दहा टक्के जणी पॉझिटिव्ह आल्या होत्या. आठ प्रकारांच्या संचावर प्रमाण याहून कमी यावे, पण तयारी वरच्या आकड्याची ठेवू. ६० हजारांत ६ हजार, म्हणजे दिवसाला वीस. या वीसही जणींना बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात (गोमेकॉत) पाठवले तर तिथली ओपीडी त्याच महिन्यात कोलमडेल, आणि काणकोणहून दोन बस बदलून आलेली बाई दुसऱ्यांदा येणार नाही. चाळणी खालीच लागली पाहिजे. १६ किंवा १८ प्रकार आला तर थेट कॉल्पोस्कोपी. इतर प्रकार आला तर आरोग्य केंद्रातच ॲसेटिक ॲसिड लावून पाहावे. काही दिसले नाही तर त्या बाईची २४ महिन्यांनी पुन्हा एचपीव्ही चाचणी, दिसले तर उपचार. एचआयव्ही असेल तर २४ ऐवजी १२ महिने.

उपचारासाठी आता मोठे यंत्र लागत नाही. थर्मल ॲब्लेशनचे हातात धरायचे, बॅटरीवरचे उपकरण १०० अंश सेल्सिअस तापमानाला २० ते ३० सेकंद टेकवले की बदललेल्या पेशी नष्ट होतात. बेशुद्ध करावे लागत नाही, बाई त्याच दिवशी घरी जाते. पूर्वीच्या क्रायोथेरपीला गॅसचे सिलिंडर लागत आणि तीन मिनिटे गोठवणे, पाच मिनिटे थांबणे, पुन्हा तीन मिनिटे गोठवणे असा क्रम होता. सिलिंडर संपला की काम बंद. मात्र थर्मल ॲब्लेशन सरसकट करायचे नाही. डाग गर्भाशयमुखाच्या नळीत शिरलेला असेल, बदलणारा भाग पूर्ण दिसत नसेल, गर्भ असेल किंवा कर्करोगाची शंका असेल तर हात लावू नये. नळीत शिरलेल्या डागाला तारेने तेवढा भाग काढून टाकण्याची लीप शस्त्रक्रिया लागते, शंका असेल तिथे आधी बायॉप्सी. ही कामे म्हापशाचे जिल्हा इस्पितळ (आझिलो), मडगावचे जिल्हा इस्पितळ (हॉस्पिसियो) आणि गोमेकॉ या ठिकाणी ठरलेल्या वारी व्हावीत आणि त्या दिवसाच्या वेळा आरोग्य केंद्रातूनच राखून द्याव्यात. उपचारानंतर चार ते सहा आठवडे अंगावरून पाण्यासारखे जाते, चार आठवडे संबंध टाळायचा, ताप आला किंवा दुर्गंध आला तर लगेच दाखवायचे, हे तिला आधीच सांगितलेले असावे. नाहीतर ‘उपचाराने बिघडले’ ही बातमी सगळ्या वाड्यावर पसरते आणि शेजारीण येत नाही. पॉझिटिव्ह निकालापासून सहा महिन्यांच्या आत उपचार आणि उपचारानंतर १२ महिन्यांनी पुन्हा एचपीव्ही चाचणी, ही मुदत आहे.

आणि इथेच वहीचा प्रश्न येतो. नमुना शिबिरात, निकाल प्रयोगशाळेत, कॉल्पोस्कोपी जिल्हा इस्पितळात, बायॉप्सीचा अहवाल गोमेकॉत. चार ठिकाणी चार नोंदी, आणि बाई यांपैकी कोणाचीच नाही. प्रत्येक आरोग्य केंद्रात एका परिचारिकेच्या नावावर ही यादी हवी. वेगळे सॉफ्टवेअर येईपर्यंत थांबायची गरज नाही, शंभर पानी वही चालेल. रकाने: अनुक्रमांक, नाव, वय, वाडा, घर क्रमांक, दोन फोन नंबर आणि ते कोणाचे आहेत, निकाल कोणाला सांगितलेला चालेल, नमुन्याची तारीख, निकाल आल्याची तारीख, बाईला सांगितल्याची तारीख, ॲसेटिक ॲसिडची पाहणी, उपचाराची तारीख, पुढच्या चाचणीची तारीख. महिन्याच्या पहिल्या सोमवारी ‘निकाल आला पण सांगितला नाही’ आणि ‘सांगितला पण उपचार नाही’ अशी नावे लाल पेनने काढायची. झुआरीनगर, चिंबल, मोतीडोंगर अशा वस्त्यांत भाड्याची खोली बदलत राहते. तिथे मूळ गावचा एक फोन नंबरही घ्यावा आणि शक्य तिथे ट्रूनॅट लावून निकाल, पाहणी, उपचार एकाच दिवशी उरकावेत. प्रत्येक जादा फेरीला काही जणी गळतात. परराज्यातून आलेली मजूर बाई सगळ्यात आधी गळते, तिची एक दिवसाची मजुरी बुडते म्हणून.

निकाल नवऱ्याच्या मोबाईलवर पाठवू नये, हे लिहावे लागते याचेच वाईट वाटते. एचपीव्ही शरीरसंबंधातून पसरतो एवढे अर्धवट ऐकले की घरात संशय सुरू होतो. निकाल सांगणाऱ्या परिचारिकेने तीन गोष्टी स्वच्छ सांगाव्यात. हा कर्करोग नाही. संसर्ग केव्हा झाला हे कोणतीही चाचणी सांगू शकत नाही, तो वीस वर्षांपूर्वीचाही असू शकतो, त्यामुळे कोणाच्या वागण्याचा तो पुरावा नाही. आणि नवऱ्याची चाचणी करायची नसते, पुरुषांसाठी अशी तपासणी नाहीच. भाषेचेही पाहावे. माहितीपत्रक कोकणी (देवनागरी आणि रोमी), मराठी, हिंदी आणि कन्नड यांत असावे, आणि स्वॅबच्या पायऱ्या चित्रांत.

खासगी प्रयोगशाळांच्या ‘हेल्थ पॅकेज’विषयी दोन शब्द. बावीस-पंचवीस वर्षांच्या मुलींना एचपीव्ही चाचणी विकली जाते. या वयात संसर्ग वारंवार होतो आणि जातो. पॉझिटिव्ह कागद हाती घेऊन ती मुलगी विनाकारण झोप गमावते, क्वचित नको ते उपचारही होतात. एचआयव्ही नसेल तर तिशीआधी ही चाचणी करू नये. ‘लो रिस्क’ म्हणून ६ व ११ हे प्रकार मोजून देणारा अहवालही निरुपयोगी. ते चामखिळीचे प्रकार आहेत, कर्करोगाचे नव्हेत. रक्तातून एचपीव्ही कळतो असे कोणी सांगितले तर उठून यावे. गरोदरपणात चाचणीची घाई नको, बाळंतपणानंतर करता येते. गर्भाशयाची पिशवी काढलेल्यांना बहुधा चाचणी लागत नाही, पण डिस्चार्ज कार्ड पाहिल्याशिवाय तसे सांगू नये; काही शस्त्रक्रियांत गर्भाशयमुख जागेवर ठेवतात, आणि पेशींतल्या बदलांमुळेच पिशवी काढली असेल तर तपासणी चालूच ठेवावी लागते.

लस घेतलेल्या मुलींनाही तिशीनंतर चाचणी लागणारच, कारण लस सगळे प्रकार झाकत नाही. पुण्याच्या सीरमची सर्व्हाव्हॅक १६, १८, ६ आणि ११ या चार प्रकारांवरची आहे. ९ ते १४ या वयात दिली तर ती सर्वांत उपयोगी. आईच्या चाचणीच्या वेळी मुलीच्या लशीचा विषय निघाला तर उत्तमच. स्तनांच्या तपासणीसाठी ‘स्वस्थ महिला, स्वस्थ गोवा’ मोहीम राज्यात झालेली आहे. त्याच बैठकीत स्वॅबही देता येईल, बाईची एक खेप वाचेल.

राहता राहिली ती तक्रार घेऊन आलेली बाई. संबंधानंतर रक्त जाणे, पाळी गेल्यावर पुन्हा रक्त दिसणे, दोन पाळ्यांच्या मध्ये रक्त जाणे, दुर्गंधीयुक्त पाणी जाणे यांपैकी काहीही असेल तर ती चाळणीची रुग्ण नाही. तिला स्वॅब देऊन निकालाची वाट पाहायला लावू नये, आणि जुना निगेटिव्ह कागद दाखवला म्हणून परत पाठवू नये. वाढलेल्या गाठीतून घेतलेल्या नमुन्यात नुसते रक्त आणि मृत पेशी येतात, चाचणी चुकू शकते. स्पेक्युलम लावून त्याच दिवशी पाहावे, गाठ किंवा व्रण दिसला तर बायॉप्सीसाठी पाठवावे, आणि पाठवणीच्या चिठ्ठीवर ‘रक्तस्राव, तपासणी शिबिरातील नव्हे’ असे ठळक लिहावे, म्हणजे इस्पितळात तिला तीन आठवड्यांनंतरची तारीख मिळणार नाही.

आपले,
गर्भाशयमुख तपासणीच्या कामातील काही डॉक्टर, परिचारिका आणि प्रयोगशाळा तंत्रज्ञ
तिसवाडी व फोंडा